चिनी वैद्यकपरंपरा आणि मज्जारज्जूची दुखापत : एका संबंधाचा इतिहास

कण्याला जबर मार बसून मज्जारज्जू चिरडला गेला, म्हणजे त्या जागेखालील शरीराची हालचाल व संवेदना कमीअधिक प्रमाणात नाहीशी होते. ह्या विकारावर चिनी वनौषधींचा कितपत उपयोग होतो, ह्याविषयी गेल्या काही दशकांत चिनी आणि इंग्रजी नियतकालिकांतून विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक निबंधांच्या प्रास्ताविकात एक विधान ठरून गेल्यासारखे येते : ही औषधे चीनमध्ये अशा रुग्णांसाठी शतकानुशतके वापरात आहेत. विधान निरुपद्रवी दिसते, आणि त्यामुळेच ते सहसा तपासले जात नाही. परंतु ज्या ग्रंथांच्या आधारावर ते उभे आहे, ते ग्रंथ उघडून पाहिले असता औषधांची प्राचीनता खरी, पण ‘अशा रुग्णांसाठी’ हे दोन शब्द मात्र बरेच अलीकडचे, असे दिसून येते. वैद्यकाचे इतिहासकार औषधाचा माग काढतात. रोगाच्या नावाचा माग काढण्याचे काम बहुधा कोणाचेच नसते.

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास संकलित झाला असे मानतात. त्याचे ‘सुवेन’ आणि ‘लिंगशू’ असे दोन भाग आहेत. लिंगशूच्या एकविसाव्या अध्यायात एक त्रोटक नोंद आहे. अंगाला जखम होऊन फार रक्त गेले, वारा किंवा गारठा बाधला, अथवा माणूस उंचावरून पडला आणि त्याचे चारही अवयव ढिले पडून आवरता येईनासे झाले, तर त्या अवस्थेला ‘थीद्वो’ म्हणावे, असा तिचा आशय आहे. ‘थी’ म्हणजे शरीर आणि ‘द्वो’ म्हणजे सुस्ती किंवा शैथिल्य. मज्जारज्जूच्या दुखापतीचे हे सर्वांत जुने चिनी वर्णन होय, असे आधुनिक चिनी अभ्यासक वारंवार लिहितात. पडण्याचा उल्लेख आणि हातपाय लुळे पडण्याचा उल्लेख एकाच वाक्यात आला आहे, हे खरे. तेव्हा हा तर्क अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्याच वाक्यात रक्तस्राव आणि गारठा ही कारणेही पडण्याच्या बरोबरीने बसली आहेत. अधिक रक्त गेल्याने येणारी ग्लानी आणि मान मोडल्याने येणारा लुळेपणा ही त्या लेखकाच्या दृष्टीने एकाच नावाची अवस्था होती. शिवाय उपाय म्हणून तेथे सांगितले आहे ते बेंबीखालील एका स्थानावर करावयाचे उपचार. वनौषधीचे नाव तेथे नाही.

दुसरा शब्द ‘वेइ’. सुवेनचा चव्वेचाळिसावा अध्याय संपूर्णपणे ह्याच विकाराला वाहिलेला आहे. हातपाय, विशेषतः पाय, कोमेजल्यासारखे शक्तिहीन होणे असा ह्या शब्दाचा अर्थ आहे. त्याची मीमांसा फुप्फुसांतील उष्णतेपासून सुरू होऊन पाचही अंतस्थ इंद्रियांपर्यंत जाते. अतिश्रम, अतिकाम, दमट जागेतील वास्तव्य अशी कारणे तेथे दिली आहेत. अपघात त्यात नाही. तरीही आजच्या चिनी रुग्णालयांत मज्जारज्जूच्या जुन्या रुग्णांचे परंपरागत निदान लिहिण्याची वेळ आली की बहुधा ‘वेइ’ हाच शब्द लिहिला जातो. दुसरा योग्य शब्द परंपरेत उपलब्ध नाही, हे त्याचे साधे कारण. पायांतील शक्ती जाण्याला आज चिनी भाषेत जो रूढ शब्द आहे, तो ‘ज्येथान’. ‘ज्ये’ म्हणजे छेदणे, ‘थान’ म्हणजे लुळेपणा. जणू कोणी मधूनच शरीर तोडले आहे, अशी कल्पना त्या शब्दात आहे. ही कल्पना आधुनिक शरीरशास्त्राची आहे. नेइजिंगच्या शरीरात असे तोडता येण्याजोगे काही नव्हते.

तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल. मज्जारज्जूला चिनी भाषेत ‘जीस्वेइ’ म्हणतात. ‘जी’ म्हणजे पाठीचा कणा आणि ‘स्वेइ’ म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगज, मज्जा. मराठीतील ‘मज्जारज्जू’ आणि युरोपीय वैद्यकाने लॅटिनमधून घेतलेली ‘मेड्युला’ ही संज्ञा ह्यांचीही घडण अशीच आहे. हाडाच्या पोकळीत जे मऊ असते ते मज्जा. कण्याच्या पोकळीतही मऊ असे काही आहे. म्हणून तेही मज्जाच. तीन निरनिराळ्या संस्कृतींनी डोळ्यांना दिसणाऱ्या साम्यावरून एकच नाव योजिले. आयुर्वेदातील सप्तधातूंपैकी मज्जा हा सहावा धातू, आणि आज मराठीत ‘मज्जासंस्था’ म्हटले की अभिप्रेत असते ती संवेदना व हालचाल नियंत्रित करणारी यंत्रणा. ह्या दोहोंत शब्दाखेरीज फारसे काही समान नाही, आणि आयुर्वेदाची मज्जावर्धक द्रव्ये मज्जारज्जूच्या जखमेवर द्यावीत असे कोणी म्हटले तर त्याला आधी शब्दकोशाकडे पाठवावे लागेल.

चीनमध्ये नेमके हेच घडले, आणि ते पुरेशा गांभीर्याने घडले. नेइजिंगच्या मते मूत्रपिंड हे हाडांचे व मज्जेचे उत्पत्तिस्थान असून मेंदू हा मज्जेचा सागर आहे. ह्यावरून पुढील अनुमान सहज निघते : मज्जारज्जूला इजा म्हणजे मज्जेला इजा, मज्जा मूत्रपिंडातून उत्पन्न होते, तस्मात् मूत्रपिंडाला बळ देणारी औषधे मज्जारज्जूला गुणकारी असली पाहिजेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उपचारयोजनांत ‘मूत्रपिंडाचे पोषण’ हे तत्त्व जे शिरले, ते मुख्यतः ह्या वाटेने. प्राचीन ग्रंथकारांपैकी कोणीही हे अनुमान केलेले नाही. त्यांना करण्याचे कारणही नव्हते, कारण कण्यातील मज्जा पायांना आज्ञा पोचविते हे त्यांना ठाऊक नव्हते. शब्द जुना, वस्तू नवी, आणि ह्या दोहोंच्या सांध्यावर उपचाराची इमारत उभी राहिली.

आता शब्दांकडून हातांकडे वळले पाहिजे. मोडलेल्या कण्यावर जुन्या चीनमध्ये उपचार होत नव्हते असे मुळीच नाही. ते आपल्याकडील हाडवैद्यांसारख्या लोकांच्या हाती होते आणि त्यांची ग्रंथपरंपरा स्वतंत्र होती. थांग राजवटीच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, लिन दाओरेन नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका ताओपंथी साधूच्या नावावर असलेला अस्थिभंगावरील ग्रंथ ह्या विषयावरील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना मानला जातो. परंतु कण्याच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते युआन राजवटीतील वेइ यीलिन (१२७७–१३४७) ह्याच्या ग्रंथाला. जियांगशी प्रांतातील नानफेंग येथला हा वैद्य. त्याच्या घराण्यात पाच पिढ्या वैद्यकी चालत आलेली होती. त्या पिढ्यांनी जमविलेली औषधे व युक्त्या त्याने १३३७ मध्ये ग्रंथबद्ध केल्या आणि तो ग्रंथ १३४५ मध्ये छापला गेला.

वेइ यीलिनची सूचना अशी. कण्याचे हाड निखळले असेल तर ते हाताने बसविण्याच्या भरीस पडू नये. मऊ दोराने रुग्णाला पायांकडून वर टांगावे. शरीर आपल्या वजनाने सरळ झाले की हाड आपोआप आपल्या खोबणीत जाते. सरळ झाले नसेल तर ते अजून बसलेले नाही, असे समजून आणखी खाली लोंबू द्यावे. त्यानंतर पाठीवर तुतीच्या सालीचा मोठा तुकडा ठेवावा, त्यावर देवदारासारख्या झाडाच्या सालीचे दोनतीन तुकडे बसवावे, मऊ वस्तूने घट्ट गुंडाळावे आणि रुग्णाला वाकू देऊ नये. ह्या सर्वांनंतर, अगदी शेवटी, औषध द्यावे. हाताने दाबू नये हा निषेध अनुभवातून आलेला असला पाहिजे. दाबल्याने काय होते हे कुटुंबातील कोणी ना कोणी पाहिले असणार.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिस ह्या शल्यचिकित्सकाने घोट्यांपासून टांगून कणा सरळ करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे वेइ यीलिन हा ह्या पद्धतीचा जगातील पहिला जनक होय, असे चिनी वैद्यकेतिहासात आग्रहाने सांगितले जाते. ह्यात अभिमानाचा भाग पुराव्यापेक्षा थोडा अधिक आहे. रुग्णाला शिडीला बांधून, कधी डोके खाली करून, शिडी उंचावरून आदळण्याची रीत हिपोक्राटीसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथात वर्णिलेली आहे. आणि जमाव थक्क व्हावा म्हणून भोंदू लोक तिचा उपयोग करतात, अशी नापसंतीही त्या ग्रंथकाराने नोंदविली आहे. वेइ यीलिनचे वैशिष्ट्य अग्रक्रमात नसून संयमात आहे. आदळणे नाही, दाबणे नाही, नुसते वजन.

टांगण्यापूर्वी वेदना कळू नये म्हणून तो एक गुंगीचे चूर्ण देई. त्यात बचनागाच्या जातीची मुळे असत आणि तेवढ्याने भागले नाही तर धोत्र्याचे फूल घालावे असे त्याने लिहिले आहे. धोत्र्याला चिनी भाषेत ‘मान्थ्वोल्वो’ म्हणतात. हा शब्द मुळात संस्कृत ‘मंदारव’. बौद्ध सूत्रांच्या चिनी भाषांतरांबरोबर स्वर्गातून वर्षाव होणाऱ्या दिव्य पुष्पांचे हे नाव चीनमध्ये गेले आणि तेथे ते धोत्र्याला चिकटले. महाराष्ट्रात तेच नाव रुईच्या एका जातीला मिळाले. एकच शब्द तीन ठिकाणी तीन झाडांवर बसला. वनस्पतींच्या नावांचा हा स्वभावच आहे, आणि जुन्या ग्रंथातील औषध आजच्या प्रयोगशाळेत आणणाऱ्याने तो विसरून चालत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समध्ये वजन उतरविण्यासाठी चिनी औषध घेणाऱ्या शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, ती ‘फांगजी’ हे नाव दोन भिन्न वनस्पतींना लागू असल्यामुळे. एक निर्धोक समजली जाणारी, दुसरी अरिस्टोलोकिया कुलातील विषारी.

छिंग राजवटीत सम्राट छ्येनलोंगच्या आज्ञेने वू छ्येन ह्याच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या १७४२ च्या वैद्यकीय संग्रहात अस्थिचिकित्सेचा स्वतंत्र खंड आहे. त्यात रुग्णाला विटांच्या दोन ढिगांवर उभे करून दोन्ही हातांनी वरचे दोर धरावयास लावावे आणि पायाखालील विटा एकेक करून काढून घ्याव्या, असा कणा ताणण्याचा प्रकार सांगितला आहे. पाठीला बांधावयाची भोके पाडलेली लाकडी फळी आणि कमरेभोवती बांधावयाच्या कांबींची चित्रेही आहेत. चित्रे स्पष्ट आहेत आणि साधने बुद्धिपुरस्सर योजिलेली आहेत. मात्र जो रुग्ण विटांवर उभा राहू शकतो आणि दोर धरू शकतो, त्याचा मज्जारज्जू शाबूत आहे हे उघड आहे. हाडवैद्यांचे शास्त्र हाडाचे होते. कणा मोडला पण पाय चालतात, अशा भाग्यवंतांचे होते. त्यांची औषधेही साकळलेले रक्त फोडणारी, सूज व ठणका उतरविणारी अशी, म्हणजे कोणत्याही मुक्या मारावर देण्याचीच होती.

ज्यांचे पाय गेले त्यांचे काय होई, ह्याबद्दल ग्रंथ जवळजवळ गप्प आहेत. हे मौन केवळ चिनी नाही. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये, ज्याची प्रत इ. स. पूर्व सुमारे १६०० ची आहे, मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेलेल्या रुग्णाचे वर्णन आहे आणि हा विकार उपचार करण्याजोगा नाही असा स्पष्ट निवाडा आहे. पहिल्या महायुद्धातील अनुभवावरून हार्वे कुशिंग ह्या प्रसिद्ध शल्यचिकित्सकाने अशा रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात असे नमूद केले होते. मृत्यू मज्जारज्जूमुळे येत नसे. तो येई पाठीवरच्या शय्याव्रणांतून आणि तुंबलेल्या मूत्राशयातून. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान ह्या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टराने कण्याच्या रुग्णांसाठी विभाग उघडला, तेव्हा त्याच्यापाशी नवे औषध फारसे नव्हते. दर दोन तासांनी, रात्रंदिवस, रुग्णाची कूस बदलणे. मूत्रनलिका निर्जंतुक ठेवणे. आणि त्याला कामाला व खेळाला लावणे, एवढीच त्याची पद्धत होती. तिने ह्या विकाराचा इतिहास बदलला. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. रुग्ण काही आठवड्यांतच मरत असतील, तर त्यांच्यावर महिनोन्‌महिने वनौषधी देऊन गुण पाहण्याची परंपरा निर्माण होणे कोणत्याही देशात शक्य नव्हते.

मग आजच्या संशोधनात ज्या काढ्याचे नाव पुनःपुन्हा येते, तो आला कोठून? ह्याचे उत्तर वांग छिंगरेन (१७६८–१८३१) ह्या विलक्षण वैद्याच्या चरित्रात आहे. हल्लीच्या हबेइ प्रांतातील यूथ्येन येथे तो जन्मला. चिनी ग्रंथांतील अंतस्थ इंद्रियांची वर्णने परस्परविरोधी आहेत, हे त्याला तरुणपणापासून खटकत होते. १७९७ मध्ये ल्वानचौ भागातील दाओदी गावी लहान मुलांत साथ आली. गरिबांची प्रेते चटईत गुंडाळून उथळ खड्ड्यांत पुरली जात आणि कुत्री ती उकरीत. वांग रोज सकाळी त्या स्मशानात जाऊन उघड्या पडलेल्या प्रेतांतील अवयव पाहू लागला. दहापैकी जेमतेम तिघांचे अवयव पूर्ण आढळत. सतत दहा दिवस जाऊन त्याने तीसएक शरीरे पुरती पाहिली. पुढे देहदंड झालेल्यांची शरीरे पाहण्याचीही त्याने खटपट केली. ह्या चिकाटीचे फळ म्हणजे १८३० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘यीलिन गाइत्स्वो’, अर्थात ‘वैद्यकातील चुकांची दुरुस्ती’. ग्रंथाचे नावच अनेकांना रुचले नाही.

वांगच्या दुरुस्त्यांत नव्या चुकाही पुष्कळ होत्या. प्रेतांतील रोहिण्या रिकाम्या दिसल्यामुळे त्या वायूच्या नळ्या आहेत असे त्याने ठरविले. प्राचीन ग्रीकांनीही नेमके हेच केले होते. परंतु स्मृती व बुद्धी हृदयात नसून मेंदूत आहे, हे त्याने निःसंदिग्धपणे म्हटले. ह्या संदर्भातील त्याचे एक विधान येथे फार महत्त्वाचे आहे. अन्नाचे सार मज्जेत रूपांतरित होते आणि ती मज्जा कण्यातून वर चढून मेंदूत जाते, असे तो लिहितो. म्हणजे कणा ही त्याच्या दृष्टीने खालून वर जाणारी पोषणाची वाट आहे. वरून खाली येणारी आज्ञेची वाट त्याला दिसलेली नाही.

त्याच ग्रंथात पुढे अर्धांगवायूवर त्याचे प्रसिद्ध विवेचन आहे. शरीरातील मूळ प्राणशक्तीचे, ‘युआनछी’चे, दहा भाग मानावे, पाच डाव्या बाजूस, पाच उजव्या. पैकी पाच भाग क्षीण झाले तर उरलेले पाच दोन्हीकडे अडीच-अडीच राहतात. ते सर्व एका बाजूस सरकले म्हणजे दुसरी बाजू लुळी पडते. म्हणून उपाय काय, तर गेलेले पाच भाग परत आणणे. त्याच्या काढ्याचे नाव ‘बूयांग ह्वान्वू थांग’ ह्याचा अर्थच ‘यांगची भरपाई करून पाच परत करणारा काढा’ असा आहे. औषधाच्या नावातच गणित असल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. काढ्यात सात द्रव्ये आहेत : ह्वांगछीचे मूळ, दांगग्वेइच्या मुळाचे टोक, तांबडे शाओयाओ, छ्वानश्युंग, पीच फळाच्या कोयीतील गर, करडईची फुले आणि गांडुळे, गांडुळांना चिनी वैद्यकात ‘भूमीचे ड्रॅगन’ असे भारदस्त नाव आहे. ह्वांगछीचे प्रमाण चार ल्यांग, म्हणजे चाळीस छ्येन, आणि बाकीची सहा द्रव्ये मिळून साडेसात छ्येन. शक्ती भरून काढणारे एक द्रव्य इतर सर्वांच्या पाचपटींहून अधिक. गणितावर वांगचा विश्वास किती गाढ होता, हे ह्या मापांवरून कळते.

ही शक्ती डावी-उजवीकडे सरकते, तशी वर-खाली सरकते काय, असा प्रश्न वांगने स्वतःच उपस्थित केला आहे. उत्तरादाखल तो म्हणतो की उरलेले पाच भाग एकाएकी वरच्या अर्ध्या शरीरात एकवटले तर दोन्ही पाय लुळे पडतील. अधरांगघाताचे चिनी परंपरेतील हे सर्वांत तर्कशुद्ध स्पष्टीकरण म्हणावे लागेल. आणि तरीही त्यात कणा नाही, मज्जा नाही, अपघात नाही. कण्यातील मज्जा आणि पायांचा लुळेपणा ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच ग्रंथात असूनही त्याने त्यांची गाठ घातली नाही. ती गाठ पुढे, दीडशे वर्षांनी, इतरांनी घातली आणि तिच्या खाली परंपरेचे नाव लिहिले.

मधल्या काळाविषयी थोडक्यात सांगता येईल. १९२३ मध्ये पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात चेन खह्वेइ आणि कार्ल श्मिट ह्यांनी चिनी औषधांवर प्रयोग आरंभिले तेव्हा त्यांनी प्रथम हाती घेतली होती ती दांगग्वेइ, वांगच्या काढ्यातीलच एक. हिच्या नावाचा अर्थ ‘परतावे’ असा होतो. तीतून हाती लागण्याजोगे फारसे निघाले नाही. मग त्यांनी माह्वांग घेतली आणि एफेड्रीनच्या अभ्यासाने दोघेही जगप्रसिद्ध झाले. एफेड्रीन वेगळे करण्याचे काम जपानमध्ये नागाइ नागायोशीने १८८५ मध्येच केले होते. त्याचा शरीरावरील परिणाम दाखविण्याचे श्रेय पेकिंगच्या जोडीचे. एका वनस्पतीतून एक स्फटिकरूप द्रव्य काढावयाचे, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. १९२९ मध्ये नानजिंगच्या सरकारपुढे परंपरागत वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला आणि वैद्यांच्या प्रखर विरोधामुळे बारगळला. १९५५ मध्ये पेकिंगमध्ये चिनी वैद्यकाची अकादमी स्थापन झाली आणि दोन्ही वैद्यकांचा मेळ घालणे हे राज्याचे धोरण ठरले. त्या धोरणाचे उत्तम फळ हाडांच्या क्षेत्रात दिसले. थ्येनजिनमध्ये फांग श्येनजी व शांग थ्येनयू ह्यांनी हाडवैद्यांच्या लहान कांबी आणि क्ष-किरण ह्यांची सांगड घालून हातापायांच्या अस्थिभंगांवर जी पद्धत बसविली, ती खरोखर परीक्षणाला उतरणारी होती. हाडवैद्याचे ज्ञान हाडापुरते होते. ते हाडालाच लावले, म्हणून ते टिकले.

२८ जुलै १९७६ च्या पहाटे थांगशान शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. अधिकृत आकड्याप्रमाणे २,४२,००० हून अधिक माणसे मेली. सुमारे एक लाख जखमींना आगगाड्यांनी व विमानांनी इतर प्रांतांत हलवावे लागले. झोपेत छत अंगावर कोसळल्याने कणा मोडून पाय गेलेल्यांची संख्या चिनी नोंदींत ३,८१७ अशी दिली जाते. एका पहाटे, एकाच शहरात, इतके. वांग छिंगरेनचे यूथ्येन आज थांगशानच्याच प्रशासनाखाली येते आणि ज्या दाओदीच्या स्मशानात तो रोज सकाळी जाई, ते गावही ह्याच भूकंपाच्या पट्ट्यात आहे. योगायोगाला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. परंतु ह्या विकाराचे इतके रुग्ण, इतके तरुण, आणि जगण्याची शक्यता असलेले, चिनी वैद्यकापुढे ह्यापूर्वी कधी आले नव्हते, हे निर्विवाद आहे. १९८१ मध्ये थांगशानात अधरांगघाताच्या रुग्णांसाठी स्वतंत्र आरोग्यभवन उघडले. भूकंपाला चाळीस वर्षे झाली तेव्हाही त्यातील काही रहिवासी तेथे हयात होते. त्यांना जगविले ते कूस बदलणाऱ्या, मूत्राशयाची निगा ठेवणाऱ्या हातांनी, म्हणजे गुटमानच्या मार्गाने. १९६८ च्या राजकीय छळात इमारतीवरून पडून पाय गमावलेल्या देंग फूफांग ह्यांच्या खटपटीने १९८८ मध्ये बेजिंगमध्ये पुनर्वसन-संशोधनाचे मोठे केंद्रही सुरू झाले. ते स्वतः १९८० मध्ये उपचारांसाठी कॅनडात ओटावा येथे जाऊन आले होते.

ह्याच सुमारास वनौषधींचे संशोधन मज्जारज्जूकडे वळले. रीत अशी : उंदराची पाठ उघडून मज्जारज्जूवर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकावयाचे आणि मग औषध देऊन मागच्या पायांची हालचाल मोजावयाची. वांगचा काढा, छ्वानश्युंगमधून मिळणारे टेट्रामेथिलपायरॅझीन, दानशेनच्या मुळातील द्रव्ये, जिनसेंगमधील द्रव्ये ह्यांच्या अशा चाचण्या पुष्कळ झाल्या आणि अनुकूल निष्कर्ष वारंवार प्रसिद्ध झाले. जखमेनंतर होणारा दाह आणि पेशींचा नाश काही अंशी कमी होतो, असे त्यात दिसते. ह्यात अशक्य असे काही नाही; रक्ताभिसरणावर किंवा दाहावर परिणाम करणारी द्रव्ये वनस्पतींत असतातच. प्रश्न पुढचा आहे. माणसांवरील मोठ्या, काटेकोर चाचणीत मज्जारज्जूची गेलेली शक्ती परत आणणारे वनौषध अद्याप एकही सिद्ध झालेले नाही.

येथे चिनी औषधांनाच वेगळे काढणे अन्यायाचे होईल. मेथिलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड दुखापतीनंतर आठ तासांच्या आत दिल्यास लाभ होतो असा अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांत ते सर्रास दिले जाऊ लागले. पुढे त्या आकडेवारीच्या मांडणीवर गंभीर आक्षेप आले आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील मज्जाशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी ते देऊ नये अशी शिफारस केली. तेथे कोणी प्राचीनतेचा आधार घेतला नव्हता. आशा मात्र तीच होती.

वांगच्या काढ्याची परीक्षा त्याने स्वतः नेमलेल्या रोगावर मात्र झालेली आहे. चीनमध्ये २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या एका औषधात चौदा द्रव्ये आहेत. त्याच्या चिनी नावातच अर्धांगवायूसाठीचा ‘फ्येनथान’ हा शब्द आहे आणि वांगच्या सातांपैकी गांडुळे वगळता सहाही द्रव्ये त्यात आढळतात. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबून अर्धांगवायू झालेल्या सुमारे ११०० रुग्णांवर आशियातील अनेक रुग्णालयांत त्याची तुलना निष्क्रिय गोळीशी करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तीन महिन्यांनंतरच्या मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हे औषध म्हणजे वांगचा काढा नव्हे, असे म्हणता येईल, आणि ते बरोबरही आहे : त्यात चाळीसाला साडेसात हे प्रमाण नाही, म्हणजे वांगचे गणितच नाही. परंतु मग उंदरांना दिला जाणारा काढाही वांगचा म्हणता येत नाही. ‘पाच परत करण्या’चा प्रश्न तेथेही कोणी विचारीत नाही, विचारतात तो दाहाचा आणि पेशींचा.

आणखी एक तफावत कालाची आहे. प्रयोगशाळेतील प्राण्याला औषध बहुधा जखमेनंतर लगेच, काही तासांत किंवा एकदोन दिवसांत सुरू केले जाते. मोजणी काही आठवड्यांत आटोपते. काढा विकत घेणारा माणूस येतो तो रुग्णालयातून घरी पाठविल्यानंतर, कित्येकदा वर्षानंतर, जेव्हा दाह केव्हाच ओसरलेला असतो आणि मज्जारज्जूत व्रणाची गाठ बनून गेलेली असते. त्याच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकावर उंदरांवरील निष्कर्ष असतो, १८३० हे साल असते आणि शतकानुशतकांच्या वापराचे ते ठरावीक वाक्य असते. त्या वाक्यातले रुग्ण अर्धांगवायूचे होते, हे मात्र तेथे लिहिलेले नसते.